गावातील गाण्याच्या कार्यक्रमात श्रोत्यांनी टाळाव्यात अशा चुका

विदर्भातील खेड्यांत गाण्याचा कार्यक्रम बंद सभागृहात क्वचितच होतो. देवळासमोरचे पटांगण, बुद्धविहाराचे आवार, शाळेचे मैदान किंवा धान कापून मोकळी झालेली बांधी हीच त्याची जागा असते. तिकीट बहुधा नसते आणि समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी कार्यक्रमासाठी वर्गणी दिलेली असते, त्यामुळे इथला श्रोता पाहुणाही असतो आणि यजमानही असतो. शहरी सभागृहांच्या दारावर लावलेल्या सूचना इथे अपुऱ्या पडतात, त्या याच कारणाने. कारण इथे रसभंग करणारा माणूस बहुतेक वेळा कार्यक्रमासाठी सर्वांत जास्त धावपळ केलेला, त्यावर मनापासून प्रेम करणारा असाच असतो. पुढील चुका आणि उपाय हे ध्यानात ठेवूनच वाचावेत.

समोर काय चालले आहे ते ओळखा

सर्वांत मूलभूत चूक म्हणजे एका प्रकारच्या कार्यक्रमाची वागणूक दुसऱ्या प्रकारात नेणे. खंजिरी भजनात मुख्य गायकाने ध्रुवपद म्हटल्यावर ते मागून उचलून धरणे हे श्रोत्यांचे कामच असते, आणि तिथे हाताची घडी घालून गप्प बसणाऱ्यांमुळे भजन पडते. गाडगे महाराज कीर्तनात समोरच्यांना थेट प्रश्न विचारत आणि लोकांच्या तोंडून उत्तर काढून घेत. त्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला बोलण्याची मुभा आहे, पण विचारले तेव्हाच. एप्रिल महिन्यात गावोगावी रंगणाऱ्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत आणि दुय्यम कव्वालीच्या, म्हणजे दोन कव्वालांच्या, मुकाबल्यात चांगल्या ओळीवर तिथल्या तिथे दाद द्यावी लागते, कारण गायक ती ओळ दुसऱ्यांदा घ्यायची की पुढे जायचे हे त्या दादेवरून ठरवतो. झाडीपट्टीच्या नाटकात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या पट्ट्यात दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या आणि रात्र जागवणाऱ्या प्रयोगांत, लावणीला वन्समोअर आणि शिट्टी चालते. मात्र त्याच नाटकात आईच्या किंवा बहिणीच्या तोंडी असलेल्या करुण गाण्यावर तीच शिट्टी आली की नटीचा सूर डगमगतो, आणि समोर डोळे पुसत बसलेल्या बायकांचाही विरस होतो.

शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम तालुक्याच्या गावी कधीतरी येतो. तिथे आलाप संथ चालला असताना ‘आता गाणे सुरू करा’ असे मागून सांगणारे असतातच. त्यांना समजावून सांगण्यासाठी गाणे जाणणाऱ्या एकाने त्यांच्या शेजारी जाऊन बसावे, एवढा उपाय पुरतो.

वऱ्हाडातील माणसाला शांत बसता येत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज मोझरी येथे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे १९६८ साली महाराजांनी देह ठेवला त्या वेळेला, मौन श्रद्धांजली होते. तिथे जमलेला अफाट समुदाय त्या क्षणी जागच्या जागी स्तब्ध होतो. कुठे शांत राहायचे हे एकदा कळले की इथला माणूस शांत राहतो. ते आधी सांगितले जात नाही, हीच खरी अडचण आहे. म्हणून सूत्रसंचालकाने सुरुवातीच्या दोन मिनिटांत, आभारांची यादी वाचण्याआधी, आज टाळ्यांची साथ हवी आहे की शांतता हवी आहे हे स्पष्ट सांगावे.

सत्कार गाण्याच्या मधे आणू नका

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान या एका सवयीने होते. कार्यक्रम सात वाजता जाहीर होतो आणि आठनंतर सुरू होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण आपला दिवस त्यांत असेलच असे नाही. म्हणजे हातात दीड-दोन तास राहतात, आणि त्यांतले निम्मे शाल-श्रीफळात जातात.

वेळ जातो तो जातोच, शिवाय वाद्येही उतरतात. वर्धा जिल्ह्यातील एका गावी थंडीच्या दिवसांत खंजिरी भजन स्पर्धा चालू होती. एका मंडळाने खंजिरी शेकोटीवर नीट शेकून, कान लावून वाजवून पाहून मंचावर आणली होती आणि पहिला अंतरा चांगला चढला होता. तेवढ्यात पटांगणाच्या कडेला एक गाडी थांबली, कार्यकर्ते हार घेऊन मंचावर चढले आणि गायकाने गाणे थांबवून हात जोडले. भाषण संपून भजन पुन्हा सुरू झाले तेव्हा दहिवराने चामडे सैल पडले होते; आधी खणखणीत वाजणारी खंजिरी आता बदबद वाजत होती, आणि गायक तिच्याकडे बघत बघतच उरलेले भजन उरकत होता. परीक्षकांनी जे ऐकले त्यालाच गुण दिले.

यावर श्रोत्यांच्या हातात काय आहे, असे कोणी विचारील. पुष्कळ आहे. वर्गणी देणाऱ्या चार वडीलधाऱ्यांनी आयोजकांना आधीच्या बैठकीत सांगावे की सर्व सत्कार गाणे सुरू होण्यापूर्वी एकदम व्हावेत, आणि उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना कडेने आणून बसवावे. त्यांचे नाव चालू गाणे संपल्यावर एका वाक्यात घेतले तरी मान राहतो. समोरच्या सोफ्यावर बसणाऱ्यांनीही सत्कार आटोपताच घोळक्याने उठून जाऊ नये. जायचेच असेल तर दोन गाण्यांच्या मधे उठावे, कारण पुढची रांग रिकामी झाली की मागचे लोक सरकू लागतात आणि अख्खे पुढचे गाणे त्या सरकासरकीत जाते.

टाळी मागे का पडते

गायकाने हात वर करून टाळी मागितली की सगळे पटांगण टाळी देते आणि थोड्याच वेळात ढोलकीवाला कपाळाला आठ्या घालतो. यात लोकांचा दोष कमी आणि अंतराचा जास्त आहे. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ५० मीटरवर बसलेल्या माणसाला ठेका ऐकू यायलाच सुमारे ०.१५ सेकंद लागतो, आणि त्याची टाळी मंचावर परत पोचायला आणखी तेवढाच वेळ जातो. द्रुत केरव्यात, मिनिटाला २०० मात्रांची लय असेल तर, एक मात्राच ०.३ सेकंदाची असते. म्हणजे मागच्या रांगेची टाळी वादकाच्या कानावर पूर्ण एक मात्रा उशिरा पडते. वादक तिच्याकडे ओढला गेला तर लय मंदावते आणि नाही गेला तर दोन ताल एकदम ऐकू येतात.

टाळीची साथ मंचाजवळच्या दहा-बारा रांगांनी द्यावी, आणि मागच्यांनी गाणे संपल्यावर भरभरून टाळ्या द्याव्यात. गायकाने हात खाली घेतला की टाळी थांबली पाहिजे. अंतऱ्याला आवाज खाली येतो तेव्हा, किंवा तबलजी एकट्याने काही तुकडा वाजवत असतो तेव्हा, टाळी चालू ठेवणे ही नेहमीची चूक आहे; त्या तुकड्याची सम आल्यावर दिलेली एक दाद त्याला अधिक सुखावते.

फर्माईश आणि बक्षीस

फर्माईश चिठ्ठीवर द्यावी, गाणे चालू असताना ओरडून सांगू नये, आणि मंडळ ज्या प्रकारचे गाते त्याच प्रकारातली द्यावी. भजनी मंडळाला सिनेमातील गाणे मागितले की ते नाही म्हणू शकत नाही आणि नीट गाऊही शकत नाही. आणखी एक गोष्ट श्रोत्यांना सहसा माहीत नसते. गायक किंवा गाणे बदलले की पट्टी बदलते. काळी एकवर लावलेला तबला पांढरी चारसाठी चालत नाही, तो हातोडीने पुन्हा चढवावा लागतो किंवा दुसरा घ्यावा लागतो. ही ठोकठोक चालू असताना ‘चालू द्या, चालू द्या’ असा ओरडा झाला की तबलजी घाईत अर्धवट लावलेल्या तबल्यावर हात टाकतो आणि पुढचे सगळे गाणे बेसूर होते. दोन मिनिटे त्याला द्यावीत.

बक्षीस देण्याची रीत मोडावी असे मी म्हणणार नाही. कव्वालीत आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यात ठरलेल्या बिदागीइतकाच कलावंताला या ५१ आणि १०१ रुपयांचा आधार असतो, आणि गर्दीसमोर नाव घेतले जाण्यात देणाऱ्याचाही आनंद असतो. बिघडते ते प्रत्येक नोटेसाठी कडवे थांबवून नाव पुकारल्याने. मंचाच्या कडेला एकाने वही घेऊन बसावे, नोट आणि नाव त्याच्याकडे द्यावे, आणि दोन गाण्यांनंतर सगळी नावे एकदम वाचावीत; ज्या गावांनी हे सुरू केले तिथे बक्षिसे कमी झालेली माझ्या पाहण्यात नाहीत. नोटा उधळणे आणि नोटांचे हार घालणे मात्र सोडून द्यावे. रिझर्व्ह बँकेने तसे न करण्याचे आवाहन वेळोवेळी केलेले आहे, आणि पायाखाली आलेल्या नोटा वेचण्यासाठी मुले मंचावर धावतात तेव्हा गाणे कोणीच ऐकत नसते.

आवाजाच्या तक्रारी

‘आवाज येत नाही’ असे एकाच वेळी वीस जणांनी ओरडल्यावर साउंडवाला घाबरून सगळेच वाढवतो, आणि लगेच माइक शिट्टी मारू लागतो. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून परत मोठा होत राहिला की ही शिट्टी येते. त्यामुळे ती आली की आवाज किंचित कमी करणे आणि माइक स्पीकरच्या तोंडासमोरून हलवणे हाच उपाय असतो. तक्रार असेल तर एकाने मिक्सरजवळ जाऊन नेमके सांगावे: गाणे दबते आहे, पेटी ऐकू येत नाही, ढोलकी जास्त आहे. पुष्कळदा आवाज पुरेसा असतो आणि शब्द कळत नाहीत. तिथे वाद्ये कमी करावी लागतात. मिक्सरभोवती कोंडाळे करून उभे राहू नये, कारण साउंडवाल्याला मंच दिसत नाही आणि तुमच्या गप्पांखाली त्याला गाणेही ऐकू येत नाही.

मोठ्या स्पीकरच्या अगदी पुढ्यात लहान मुले ठाण मांडतात, कारण तिथे छातीत धडधड होते. त्यांना उठवून मागे बसवण्याची जबाबदारी शेजारच्या मोठ्या माणसांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मानकानुसार अशा कार्यक्रमांत आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि स्पीकरच्या तोंडाशी ती सहज ओलांडली जाते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असल्याने आवाज खाली वळतो आणि दूरवर जातो. तीन शिवारे पलीकडच्या गावाला आपले गाणे झोपमोड करीत असते, हेही वाढवायला सांगण्याआधी आठवावे.

लहानसहान गोष्टी

मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनी उभे राहून मागच्यांची वाट अडवू नये आणि टॉर्च गायकाच्या डोळ्यांवर मारू नये. कडेची एक जागा ठरवून द्यावी. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, तिथेच प्लास्टिकच्या पन्नीत घोटण्याचा खसखस आवाज संथ गाण्यात चार रांगा पुढेपर्यंत जातो. तो पानठेल्यावरच घोटून घ्यावा, आणि थुंकण्यासाठी सतरंजीचा कोपरा वापरू नये, हे लिहावे लागते याचा खेद आहे. फल्लीची, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची, टरफले खिशात ठेवता येतात. मोटारसायकली पटांगणाबाहेर लावाव्यात, कारण कार्यक्रमाच्या मधे कोणी गाडी सुरू केली की हेडलाइटचा झोत थेट मंचावर येतो.

दारू पिऊन आलेल्या माणसाला मंचावरून माइकवर झापणे ही हमखास फसणारी युक्ती आहे. सगळ्यांच्या नजरा वळल्या की त्याला चेव येतो आणि त्याचे भाईबंद उठतात. त्याच्या ओळखीच्या दोघांनी ‘चल भाऊ, चहा घेऊ’ म्हणत खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर न्यावे, आणि गायकाने त्या वेळात गाणे चालूच ठेवावे. तो बायकांच्या बाजूला जात असेल तर मात्र गोडीगुलाबी पुरे करून लगेच पोलीस पाटलांना बोलवावे.

लाईन गेली तर उठू नये. अंधारात वायरींवर पाय पडून माणसेही पडतात आणि जोडण्याही सुटतात. मोबाइलचे टॉर्च मंडपाच्या कापडावर रोखले की सगळीकडे मंद उजेड पसरतो आणि कोणाचे डोळे दिपत नाहीत. जनरेटर सुरू होईपर्यंत पुढच्यांनी जवळ सरकून बसावे आणि मंडळाला माइकशिवाय एखादे भजन म्हणायची विनंती करावी. खंजिरी, टाळ आणि चार मोकळे गळे यांना विजेची गरज नसते, आणि पुष्कळदा रात्रीचे सर्वांत चांगले गाणे याच वेळी होते.

शेवटच्या भैरवीला किंवा आरतीला चपला शोधायला उठू नये. कार्यक्रम संपल्यावर मुले मंचावर चढून तबल्यावर थापा मारतात आणि पेटीच्या पट्ट्या दाबून पाहतात. वाद्ये खोक्यांत जाईपर्यंत दोन जाणत्यांनी तिथे उभे राहावे, आणि तेवढ्या वेळात कलावंतांच्या जेवणाची ताटे वाढलेली आहेत का व ठरलेले पाकीट त्यांच्या हाती पडले का, हे वर्गणीदारांपैकी कोणीतरी आयोजकांना विचारून घ्यावे.