नव्या रायफलीत गोळी उडत नसेल तर

अमेरिकेत हरणांच्या हंगामाआधी नवी रायफल रेंजवर नेली आणि चाप ओढल्यावर नुसताच ‘टक्’ झालं, तर बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) लगेच उघडू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा; गोळी उशिरा पेटू शकते. मग काडतूस काढून बुडाचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बघा. त्यावर फायरिंग पिनने (बोल्टमधल्या ठोकणाऱ्या सुईने) पाडलेला खळगा उथळ असेल, तर काडतुसांना दोष देण्याआधी बोल्ट साफ करा. कारखान्यातलं ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि फायरिंग पिनचा जोर खातं. खळगा खोल असेल, तर दुसऱ्या बनावटीची काडतुसं लावून पाहा.

बार फुसका वाजला तर मात्र पुढची गोळी अजिबात झाडू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते, आणि दुसरीने नळीच फुटू शकते. रायफल रिकामी करून नळी आरपार दिसते का ते तपासा.