मे-जूनचा खड्डा असा बुजवला

आमच्या घरी पगार महिन्याला पुरतो, पण मे-जून आला की उसनवारी ठरलेली. मिरची, मसाला, कांडप आणि वर्षाचं धान्य मिळून १५,०००. पाठोपाठ शाळेची फी-वह्या १८,०००. पुढं घरफाळा नि गाडीचा विमा ७,०००, गणपती-दिवाळी १४,०००. वर्षाचे ५४,०००, म्हणजे महिन्याला ४,५००.

हिनं भिशी सुचवली. पण तिथं चिठ्ठी निघेल तेव्हा पैसे. शाळा काय चिठ्ठीची वाट बघत नाही. आरडी तर मुदतीआधी मोडावी लागली असती. म्हणून वेगळं बचत खातं काढलं आणि त्याला यूपीआय जोडलंच नाही. पगार झाला की ४,५०० आपोआप तिकडं वळते होतात.

खरी मेख सुरुवातीच्या महिन्यात आहे. जानेवारीत सुरू केलं तर जूनपर्यंत जमतात २७,०००, आणि लागतात ३३,०००. दिवाळी उरकून नोव्हेंबरपासून धरलं की ३६,००० होतात. यंदा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून धान्य रोखीनं आणलं, ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही मिरच्या घेतल्या, चटणीत खोबरंही हात राखून घातलं नाही. दवाखान्याचा खर्च मात्र यात धरलेला नाही; तो असा वार लावून येत नाही, त्याचे पैसे निराळे ठेवलेत.