मागच्या बाकावरचे गातील असं उपासनागीत कसं लिहावं

गाणं स्वतःच्या गळ्याला बसेल असं रचू नका. हे आधीच सांगते, कारण गाणी लिहायला घेतात ती बहुधा चांगल्या गळ्याची मुलं. मग रविवारी चर्चमध्ये तीच गातात आणि मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेले लोक, ऐकत बसते. मी आमच्या मंडळीत पेटी वाजवते, गाणी लिहिते. गाणं जमलं की नाही, हे मी मागच्या बाकावर वही न उघडता बसणाऱ्या आजोबांकडे बघून ठरवते. त्यांचे ओठ हलले पाहिजेत.

चाल बांधायला पेटी समोर घ्या. पुरुष एरवी काळी एक या पट्टीत गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. एकत्र गाताना दोघांनाही थोडं सरकावं लागतं. पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत चाल मावली पाहिजे, फार तर एखादा सूर इकडेतिकडे. त्याहून वर गेलात की पुरुष गप्प होतात, फार खाली उतरलात की बायका. कडवं खालच्या अंगाने ठेवा आणि सगळ्यांत उंच सूर ध्रुपदात एकाच जागी येऊ द्या. हरकती, मुरक्या लिहून ठेवू नका. ज्याला येतात तो घेतोच.

आता शब्द. लांबवायचा सूर उघड्या स्वरावर पडू द्या. ‘ख्रिस्त’वर चार मात्रा थांबून बघा, दातांत अडकतं. ‘देवा’, ‘तारका’, ‘परमेश्वरा’ म्हणून बघा, तोंड आपोआप उघडतं. हाक मारताना आपल्याकडे शेवटी आ येतो ही गाणाऱ्याची मोठी सोय आहे, ती सोडू नका. इंग्रजी गाण्याच्या चालीवर मराठी शब्द चढवलेली गाणी कानाला खटकतात ती इथेच: सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडते भलत्या अक्षरावर आणि ‘आणि’, ‘आहे’ यांना उगाच मोठा सूर मिळतो. चाल घ्यायचीच असेल तर शब्द आधी नुसते मोठ्याने वाचा. बोलताना जिथे जोर येतो, तिथेच तालाचा जोर आला पाहिजे.

छंद शोधत लांब जायची गरज नाही. अभंगाचा साचा घ्या: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. नमुन्याला म्हणून:

थकले हे पाय
वाट ना दिसते
मन हे पुसते
कोठे देवा

आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात हे कुणीही गाईल, शाळा न पाहिलेली आजीसुद्धा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हेच ओळखलं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग आणि कीर्तन टाकून दिलं नाही, त्याच भांड्यात येशूचं नाव ओतलं. ‘उपासना संगीत’ या आपल्या मराठी गीतांच्या पुस्तकातला मोठा वाटा त्यांचा आहे. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लिहायला बसण्याआधी या दोघांना वाचा. गिटारचे कॉर्ड नंतर शिकता येतात.

विषयाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. नव्या गाण्यांत सगळे सतत आनंदात असतात. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा: दीडशे स्तोत्रांत विलापाची कितीतरी आहेत. तेरावं स्तोत्र ‘किती वेळ’ असं विचारत सुरू होतं आणि सहा वचनांत भरवशापर्यंत पोचतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ज्या घरात परवा माती झाली, ते घरही रविवारी बाकावर असतं. त्यांना म्हणता येईल असं एक कडवं प्रत्येक गाण्यात असू द्या. आणि कडवी पाठ होत नसतील तर १३६व्या स्तोत्राची युक्ती वापरा: तिथे सव्वीस वचनांत प्रत्येक वेळी तीच ओळ परत येते. पुढे गाणारा नवं म्हणतो, मंडळी तेच ते म्हणते.

गाणं झालं की आधी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, वाचायला द्या. शिकवणीत चूक असेल तर ती चालीत लपते, आणि चालीबरोबर पाठही होते. मग घरच्या प्रार्थनेत, माइक न लावता, पाचसात माणसांत गाऊन घ्या. लोक जिथे शब्द बदलून म्हणतात तिथे बहुधा तेच बरोबर असतात. तो शब्द बदला.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. सेवेच्या मानधनावर घर चालेल असं धरून चालू नका. नोकरी, शिकवण्या, पेटीचे वर्ग, काही ना काही हाताशी ठेवा. पण हक्काच्या बाबतीत भाबडं राहायचं कारण नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि रेकॉर्डिंग तिसऱ्याचं असू शकतं. लिहिणाऱ्याचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. त्यामुळे टिळकांचे शब्द आज कुणीही घ्यावेत. कालपरवाचं गाणं मात्र विचारून घ्यावं. उपासनेत ते गाण्याला कायदा आडवा येत नाही, पण रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे.

कुणी तुमचं गाणं रेकॉर्ड करायला मागितलं तर तोंडी हो म्हणू नका, ‘प्रभूचंच काम आहे’ असं म्हणाले तरी. कागद करा. हक्क किती वर्षांसाठी दिला हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीपासून रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा लिहून देऊनही सुटत नाही, हे समोरच्याला शांतपणे सांगा. सही करण्याआधी कागदावर गाण्याची पहिली ओळ, तुमचं नाव आणि तारीख आहे ना, तेवढं बघा, आणि एक प्रत घरी घेऊन या.