जुनी हत्यारे घेऊन घरी घड्याळदुरुस्तीचे टेबल मांडताना

मनगटी घड्याळातल्या बॅलन्स स्टाफचा (मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या आसाचा) पिव्हट, त्याचे बारीक टोक, साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, म्हणजे जवळपास केसाएवढा. तो वाकला की घड्याळ अडखळते, मोडला की थांबते. त्यामुळे पहिला खर्च लेथवर (असे भाग फिरवत कापायच्या यंत्रावर) करू नका. आधी टेबल, उजेड, आयग्लास (डोळ्याला लावायचे भिंग), चिमटे आणि स्क्रूड्रायव्हर जमवा. चांगली लेथ पन्नास-साठ वर्षे टिकलेली असते, ती आणखी सहा महिने थांबेल.

लिहिण्याचे टेबल सुमारे ७५ सेमी उंच असते आणि या कामाला ते बुटके पडते. मान वाकते, खांदे भरून येतात आणि तासाभरात बोटे थरथरू लागतात. उंची ९० ते १०० सेमी हवी. ताठ बसल्यावर टेबलाचा पृष्ठभाग छातीच्या पातळीला यावा आणि दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत त्यावर टेकावेत. आहे तेच टेबल उंच करायचे असेल तर पायांखालचे लाकडी ठोकळे स्क्रूने पक्के करा, नुसते सरकवू नका. पृष्ठभाग फिका, एकरंगी आणि बिनचकाकीचा ठेवा. मागे आणि दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर उंचीची पट्टी लावा. पुढच्या कडेखाली उथळ ड्रॉवर बसवा, नाहीतर मांडीवर येईल असे कापड टाचा. चिमट्यातून उडालेली क्लिक स्प्रिंगसारखी इवलीशी स्प्रिंग त्यात सापडते. जमिनीवर गेली तर बहुधा गेलीच, आणि गालिचा असेल तर शोधायलाही बसू नका.

आयग्लास दोन लागतात: रोजच्या कामाला ३ ते ४ पटीचा आणि तपासणीला १० पटीचा. १० पटीचा वस्तूपासून अडीच सेंटिमीटरवर धरावा लागतो, मध्ये हत्यार नीट शिरत नाही. त्याने फक्त बघायचे.

जुन्या संचातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे स्क्रूड्रायव्हर. मुठीवरचा रंग पाहून माप ठरवू नका. पिवळा ०.८, काळा १.०, लाल १.२ मिमी ही रूढ खूण खरी, पण मधल्या काळात पाती बदललेली असतात. कॅलिपरने रुंदी मोजा, मग धारेकडे वळा. बारीक दाण्याच्या दगडावर थेंबभर तेल टाकून पात्याच्या दोन्ही बाजू एकाच कोनात घासा. हात मोजून मारा, दोन्हीकडे सारखे. शेवटी पाते उभे धरून टोकावर एक-दोन हलके हात द्या, म्हणजे टोक सपाट होते. सुरीसारखे धारदार टोक खाचेच्या तळाला टेकते, बाजूंची पकड मिळत नाही, पिळताच पाते वर चढते आणि ब्रिजवर (चाके वरून धरणाऱ्या पट्टीवर) ओरखडा उठतो. टोक जाड राहिले तर ते खाचेत शिरतच नाही, वरच्या कडा तेवढ्या चेपतात. बरोबर बसलेले पाते खाचेच्या दोन्ही बाजूंना भिडते आणि तळाशी किंचित मोकळे राहते. टाकाऊ मूव्हमेंटमधला (घड्याळाच्या आतल्या यंत्रणेतला) ब्रिजचा एक स्क्रू दहा वेळा काढून लावा आणि १० पटीच्या आयग्लासखाली बघा. खाचेच्या कडा जशाच्या तशा दिसल्या तरच ते पाते चांगल्या घड्याळाला लावा.

चिमटे ३ आणि ५ नंबरचे. ५ नंबरचा फक्त हेअरस्प्रिंगसाठी (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगसाठी) राखून ठेवा. हलके दाबल्यावर आधी टोके मिळायला हवीत. जोर वाढवला की टोके फाकत असतील तर चिमटा वाकलेला आहे. जुने पोलादी चिमटे लोहचुंबकी झालेले असतात, म्हणून कामाआधी चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरमधून काढा. बटण दाबून धरा, चिमटा हळूहळू हातभर लांब न्या आणि मगच बटण सोडा. जवळ असतानाच सोडले तर चुंबकत्व उलट वाढू शकते.

यानंतर स्टेकिंग सेट, म्हणजे भाग ठोकून बसवायचे पंच, त्यांखालची भोकांची चकती आणि दोन्ही धरणारी फ्रेम. पेटीत किती पंच कमी आहेत, हा प्रश्न नंतरचा. आधी मध्य तपासा. टोकदार सेंटरिंग पंच चकतीच्या भोकात उतरवून चकती घट्ट करा, मग पंच वर उचलून पुन्हा सोडा आणि पूर्ण एक फेरा फिरवा. तो स्वतःच्या वजनाने उतरून भोकात बिनअडथळा बसला पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर आधी नळी आणि चकतीखालची जागा पुसा, तेवढ्यानेच पुष्कळदा काम होते. तरीही घासला तर फ्रेम वाकलेली आहे, सेट घेऊ नका. वरवरचा गंज तेल आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने निघतो. चकतीच्या भोकांवर मात्र पॉलिश पेपर फिरवू नका, कडा गोल झाल्या की आधार जातो.

लेथ ८ मिमी कॉलेटची (तुकडा पकडणाऱ्या चिरलेल्या नळीची) घ्या. कॉलेटवरचा आकडा मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतो: १२ म्हणजे १.२ मिमी. त्यात १.४ चा तुकडा कोंबला तर कॉलेट कायमचा फाकतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉलेटचे आटे जुळतीलच असे नाही, तेव्हा ड्रॉबार (कॉलेट आत ओढणारा दांडा) आधी बोटांनी फिरवून बघा. मग सरळ पिन धरून डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे माप) लावा आणि स्पिंडल (लेथचा फिरता दांडा) हाताने फिरवा. काटा ०.०१ मिमीच्या आसपास हलला तर ठीक. जास्त हलला तर कॉलेट आणि स्पिंडलचे तोंड पुसा, पितळेचा एक कीस अडकला तरी एवढा फरक पडतो. मग दुसरा, तिसरा कॉलेट लावून बघा. प्रत्येक वेळी स्पिंडलच्या त्याच बाजूला काटा वर जात असेल तर दोष स्पिंडलमध्ये आहे. कॉलेटगणिक जागा बदलत असेल तर दोष कॉलेटचा, आणि तो बदलता येतो. मोटर म्हणून शिलाई मशिनची, पायाने वेग बदलणारी, पुरते. कापडी आवरणाची जुनी वायर आतून तडकलेली असते; ती काढून अर्थिंगसह तीन तारांची वायर टाका.

धुण्यासाठी झाकणाच्या काचेच्या बरण्या ठेवा. पॅलेट फोर्कचे (चाक एकेक दात सोडणाऱ्या भागाचे) खडे आणि बॅलन्सवरचा इम्पल्स ज्वेल हा खडा लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॅलेट फोर्क आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये भिजत टाकू नका.

जुन्या सामानाबरोबर डायल आणि काट्यांची डबी आली तर अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. १९६०च्या दशकापर्यंत चमकत्या रंगात रेडियम वापरले जाई. रंगाची चमक संपते, पण रेडियम-२२६ निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. धोका मुख्यतः भुकटी श्वासात किंवा पोटात जाण्याचा आहे, म्हणून असा रंग खरवडू नका, ब्लोअरने फुंकू नका. डायल आणि काटे बंद पिशवीत, टेबलापासून दूर ठेवा आणि हात धुऊनच पुढच्या कामाला बसा.