बरोक कीबोर्ड रचनेची जन्मकथा कशी तपासावी

बरोक काळातल्या (साधारण १६०० ते १७५०) रचनेमागची रंगतदार गोष्ट वाचली की पहिला प्रश्न विचारायचा: ही पहिल्यांदा छापली कधी?

‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ घ्या. झोप न येणाऱ्या काउंट कायझरलिंकला त्याच्या पदरच्या गोल्डबर्ग नावाच्या वादकाने वाजवून दाखवावी म्हणून संगीतकार बाखने ही रचना केली आणि बिदागी म्हणून नाण्यांनी भरलेला सोन्याचा प्याला मिळाला, असं सांगतात. रचना छापली गेली १७४१ मध्ये. गोष्ट भेटते ती फोर्केलच्या १८०२ च्या बाखचरित्रात, म्हणजे ६१ वर्षांनी.

आता मुखपृष्ठ बघा. पहिल्या आवृत्तीचं स्कॅन आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट मिळतं. दोन मॅन्युअलांच्या (पट्ट्यांच्या ओळींच्या) हार्पसिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोआधीच्या तारा छेडणाऱ्या कीबोर्ड वाद्यासाठी, रसिकांच्या मनोरंजनासाठी, एवढंच तिथे आहे. काउंटचं नाव नाही. सरदाराने पैसे मोजले असते तर अर्पणपत्रिकेत त्याच्या पदव्यांची रांग लागली असती. मग वय मोजा: गोल्डबर्ग जन्मला १७२७ मध्ये, म्हणजे तेव्हा पोरगा १४ वर्षांचा!

तरी सगळंच उडवून लावू नका. बाख आणि काउंट यांची ओळख खरी, गोल्डबर्ग काउंटच्या पदरी होता हेही खरं. छापील प्रत भेट गेली आणि पुढे तिखटमीठ लागलं, असं मानायला जागा आहे. टिपणात ‘खोटं’ न लिहिता ‘पुरावा उशिराचा’ असं लिहा.

दुसरी तपासणी हस्ताक्षराची, आणि नवखे इथेच फसतात. बाखच्या घरच्या वहीत सापडलं म्हणजे बाखचंच, असं होत नाही. शिकाऊंच्या आवडीचा जी मेजर मिन्युएट (एक नृत्यधून) बाखची बायको आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत आहे, पण त्यावर रचनाकाराचं नाव नाही. तो ड्रेस्डेनचा संगीतकार पेट्झोल्ड याचा, हे १९७० च्या दशकात कळलं. बीडब्ल्यूव्ही, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतल्या, क्रमांकावरही विसंबू नका. ऑर्गनवरच्या डी मायनरच्या प्रसिद्ध टोकाटा-फ्यूगला मुख्य यादीतला ५६५ क्रमांक आहे, पण बाखच्या हातची प्रत नाही. सर्वांत जुनी प्रत योहानेस रिंक या नकलकाराच्या हातची, म्हणून कर्तृत्वावर वाद चालूच आहे.

टोपणनावं तर सरळ बाजूला काढा. बाखचा समकालीन हेंडेल याच्या ई मेजर स्वीटमधली (नृत्यधुनांच्या मालिकेतली) धून १७२० मध्ये छापली गेली. तिला ‘सुरेल लोहार’ (हार्मोनियस ब्लॅकस्मिथ) हे टोपणनाव चिकटलं ते पुढच्या शतकात.

शब्दही त्या काळच्या अर्थाने वाचा. ‘क्लाविअर’ म्हणजे पियानो नव्हे, कुठलंही कीबोर्ड वाद्य. क्रिस्तोफोरीने पियानो १७०० च्या सुमारास घडवला, पण खास त्यासाठीच्या पहिल्या छापील रचना म्हणजे जुस्तिनीचे १७३२ चे सोनाटा.