गल्लीचं काम महापालिकेच्या अंदाजपत्रकात बसवायचंय? आधी जागा कोणाची ते बघा

अर्ज हातात घेण्याच्याही आधी एकच प्रश्न: ज्या जागेवर काम सुचवताय ती जागा कोणाची? तिथून ये-जा कोण करतं, रोज झाडतं कोण, खांबावर दिवा कोणी लावला, हे विचारलेलं नाही. कागदावर मालकी कोणाची आणि ताबा कोणाचा, एवढंच. मागच्या फेरीत आमच्या अर्जाला सह्या होत्या, फोटो होते, खर्चाचा अंदाजही होता. शेरा एका ओळीचा आला, ‘सदर जागा महापालिकेच्या ताब्यात नाही’, आणि वर्ष वाया गेलं. म्हणून अर्ज करताना काय-काय बघायचं याची ही यादी जागेच्या बाजूला झुकलेली वाटेल. असू दे.

आधी वेळापत्रक. महापालिकेचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात, आणि ती जाहिरात साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघते. इतर अनेक शहरांत नुसत्या लेखी सूचना मागवतात, त्याही पुष्कळदा उशिरा. जानेवारीच्या सुमारास आयुक्त मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून तो मुख्य सभेत जातो आणि मार्चअखेर मंजूर होतो. म्हणजे फेब्रुवारीत निवेदन घेऊन धावणाऱ्याला फोटो काढून घेण्यापलीकडे काही मिळत नाही. तयारी जूनमध्ये सुरू करा. जाहिरातीनंतर हातात फार थोडे दिवस असतात आणि मालकीचा कागद तेवढ्यात मिळत नाही.

आता तो कागद. शहरात जिथे नगर भूमापन झालं आहे तिथे मिळकत पत्रिका बघायची, जिथे नाही तिथे सातबारा. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक सोसायटीच्या खरेदीखतात असतोच. पण इथे दोन्ही बाजूंनी फसायला होतं. विकास आराखड्याच्या (शहरात कुठे रस्ता, कुठे बाग होणार हे ठरवणाऱ्या) नकाशावर रस्ता रंगवलेला दिसला म्हणजे तो महापालिकेचा झाला असं नाही, तो आखलेला आहे इतकंच. भूसंपादन झालं असेल, किंवा टीडीआर-एफएसआयच्या, म्हणजे जादा बांधकाम हक्काच्या, बदल्यात मालकाने जागा दिली असेल, तरच ती ताब्यात. उलट, सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव दिसलं म्हणून लगेच नाद सोडू नका. जागा केव्हाच ताब्यात आलेली असते आणि फेरफार, म्हणजे नोंदीतला नावबदल, कोणी केलेला नसतो. दोन्ही प्रसंगी निकाल लावणारा कागद एकच, ताबा पावती, म्हणजे जागा महापालिकेने ताब्यात घेतल्याची लेखी नोंद. ती भूसंपादन किंवा मालमत्ता विभागात मिळते. ले-आउटमधला (मोठी जमीन भूखंड पाडून विकसित केली त्यातला) रस्ता असेल तर बांधकाम परवानगी विभागात मंजूर नकाशा मागा आणि अंतर्गत रस्ते हस्तांतरित झालेत का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी झालेले नसतात. बिल्डर निघून गेलेला, सोसायट्या पाच-सहा, रस्ता सगळ्यांचा आणि कोणाचाच नाही. त्यावर महापालिकेचा पैसा पडत नाही. पडला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं, म्हणून तो आधीच हात झटकतो.

ले-आउटच्या मोकळ्या जागेचंही तेच. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के खुली जागा सोडावी लागते, पण ती तिथल्या रहिवाशांसाठी असते, सार्वजनिक बाग नव्हे. शाळा-दवाखान्यासारख्या सोयींसाठी सोडलेला सुविधा भूखंड वेगळा, आणि तोही महापालिकेकडे आलाय का ते बघायचंच. नाल्याचा काठ पाटबंधारे खात्याचा निघतो, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, रुळालगतची पट्टी रेल्वेची, कोपऱ्यातला डीपी बॉक्स, म्हणजे विजेची पेटी, महावितरणचा. यातली कुठलीही जागा असेल तर सूचना टाकू नका असं नाही, पण त्या खात्याचं ना हरकत पत्र आधी लागेल आणि ते याच वर्षी येईल अशी आशा धरू नका. यंदासाठी दुसरं काम निवडा.

मग जागेवर जा. टेप घेऊन. ‘फूटपाथ करावा’ ही सूचना नाही, ती इच्छा आहे. कुठून कुठपर्यंत, किती मीटर लांब, किती रुंद, मध्ये किती झाडं, किती चेंबर, किती वाहनांचे प्रवेश, हे लिहा. पादचारी मार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत अडथळा नसलेली किमान रुंदी १.८ मीटर आणि रस्त्यापासूनची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. तुमच्या रस्त्यावर तेवढी जागा निघत नसेल तर ते आधीच कळलेलं बरं. दिव्याची मागणी असेल तर आधीच्या आणि नंतरच्या खांबावर रंगवलेला क्रमांक टिपा आणि मधलं अंतर मोजा. नुसतं ‘मंदिराजवळ अंधार’ लिहिलं तर कुठलं मंदिर इथपासून सुरुवात होते. फोटो दिवसाचे आणि गरज असेल तर रात्रीचे, प्रत्येकात ओळखू येईल अशी एखादी पाटी किंवा कोपरा. आणि जागेवर उभे आहातच तर समोरचं कुंपण कोणाचं, हद्दीचा दगड कुठे, तेही बघून घ्या. मालकी कागदावर महापालिकेची आणि प्रत्यक्षात दीड मीटर आत कोणाची तरी पत्र्याची शेड, असंही होतं.

खाली काय आहे हे विचारायला विसरू नका. त्या रस्त्याखाली येत्या वर्षात पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन बदलायची असेल तर वर ब्लॉक बसवून उपयोग नाही, सहा महिन्यांत उखडतील. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण, दोन्हीकडच्या कनिष्ठ अभियंत्यांना वेगवेगळं विचारा. एकमेकांना ते सांगत असतील असं समजू नका. झाड तोडावं किंवा हलवावं लागत असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आली, म्हणजे आणखी काही महिने. शक्य असेल तर झाड वाचवून आखणी करा.

खर्चाचा अंदाज. पुण्यात एका कामाला ५ लाखांची मर्यादा वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि प्रभागाला एकूण रक्कम ठरलेली असते. यंदाचा आकडा जाहिरातीतच बघा, गेल्या वर्षीच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबू नका. या रकमेत जीएसटी धरलाय का हे विचारा. १८ टक्के धरून बघितलं तर ५ लाखांत मूळ काम साधारण ४ लाख २३ हजारांचंच बसतं. अंदाज मनाने टाकण्यापेक्षा शेजारच्या प्रभागात नुकत्याच झालेल्या तशाच कामाचं पूर्वगणनपत्रक (अभियंत्याने काढलेला खर्चाचा तपशीलवार अंदाज) मिळवा आणि त्यातले प्रति मीटर दर घ्या. मर्यादेत बसवण्यासाठी एकाच कामाचे दोन तुकडे करून दोन नावांनी अर्ज भरणं हा चलाखपणा छाननीत लगेच दिसतो. मोठंच काम असेल तर पहिला टप्पा असा घ्या की पुढचा झाला नाही तरी तो वापरता यावा. अर्धाच जिना बांधून ठेवायचा नाही.

देखभाल कोण करणार तेही एका ओळीत लिहा. बाक, दिवे, फुटपाथ यांचा प्रश्न येत नाही. व्यायामाची साधनं, कारंजी, शौचालयं यांचा येतो, आणि पाणी-वीज-माणूस यांची सोय लिहिली नसेल तर अशी कामं मागे पडतात.

अर्ज. नाव, पत्ता, प्रभाग क्रमांक वगैरे भराल. प्रभाग क्रमांक मात्र नीट तपासा, कारण प्रभागरचना बदलते आणि रस्त्याची एक बाजू एका प्रभागात, दुसरी दुसऱ्यात जाते. एका अर्जात एक काम. सोबत हाताने काढलेला नकाशा, मापं, दोन-तीन फोटो आणि हो, मालकीचा कागद. ताबा पावतीची प्रत किंवा मंजूर ले-आउटची प्रत जोडा. ‘जागा मनपाच्या ताब्यात आहे, प्रत सोबत जोडली आहे’ हे वाक्य अर्जाच्या वरच्या भागात, ठळक. शेवटी परिशिष्टात नको, तिथे कोणी वाचत नाही. सह्या घ्यायच्या तर त्याच रस्त्यावर राहणाऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या घ्या. दुकानदार राहिला तर कामाच्या दिवशी तोच आडवा येतो. दोन प्रती करा. एक क्षेत्रीय कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील’ याला पोच म्हणत नाहीत. ऑनलाइन भरलात तर अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तरीही कागदाची प्रत देऊन या.

त्यानंतर गप्प बसायचं नाही. छाननी क्षेत्रीय कार्यालय करतं, कनिष्ठ अभियंता जागेवर येतो, मग प्रभाग समितीत यादी ठरते. पाहणीचा दिवस विचारून त्या वेळी तिथे हजर राहा आणि तोच मालकीचा कागद पुन्हा दाखवा. अर्जाला जोडलेली प्रत टेबलावरून टेबलावर जाताना गळते. हे ओरडून सांगण्यासारखं आहे. अभियंत्याने ‘जागेची खात्री करावी लागेल’ म्हटलं की समजा प्रत गळाली आहे. तिथल्या तिथे दुसरी द्या.

प्रभाग समितीची तरतूद महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ मध्ये आहे, आणि तिच्यावर भागातल्या स्वयंसेवी किंवा वस्ती पातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त ३ सदस्य नामनिर्देशित करता येतात. ते कोण आहेत, किंवा जागा रिकाम्या आहेत का, हे विचारा. नगरसेवकाला अर्जाची प्रत द्या, प्रत्येक बाजूच्या नगरसेवकाला. एकाच पक्षाचं काम असा शिक्का बसला की दुसरा ते पुढच्या वर्षावर ढकलतो. निवडून आलेली सभाच नसेल आणि प्रशासक असेल तर सहायक आयुक्तांकडे. २००९ च्या सुधारणेने क्षेत्र सभाही कायद्यात आली आहे. ती क्वचितच भरते, तरी लेखी मागणी करायला काय जातं.

मसुदा आला की पुस्तक उघडा. आपलं काम कोणत्या अर्थशीर्षकाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात आहे, महसुली की भांडवली, रक्कम किती, ते शोधा. कामाचं नाव अर्जाप्रमाणे आहे का ते शब्दशः ताडून बघा. ‘अमुक गल्लीत पादचारी मार्ग’ याचं ‘प्रभागात विविध ठिकाणी पदपथ दुरुस्ती’ झालं असेल तर पैसे दुसऱ्या गल्लीत खर्च व्हायला कोणाची आडकाठी नाही. नावातली ही दुरुस्ती मार्चच्या आत मागायची, लेखी.

मंजुरी म्हणजे काम नव्हे. वर्षाच्या मध्यात निधीचं वर्गीकरण होतं, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवले जातात, आणि सर्वांत आधी तीच कामं बळी पडतात ज्यांच्या फायलीत काहीतरी अडलेलं असतं. काय अडलेलं असतं? पुन्हा जागाच. म्हणून एप्रिलमध्येच पूर्वगणनपत्रक झालं का ते विचारा आणि फाइलमध्ये ताबा पावती लागलीय का ते डोळ्यांनी बघा. त्यासाठी दर वेळी माहिती अधिकाराचा अर्ज नको. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. प्रती लेखी हव्या असतील तर अर्ज करा: शुल्क १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, मुदत ३० दिवस. ‘कामाची सद्यस्थिती कळवा’ असं विचारू नका, ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर येईल. कागदाचं नाव घेऊन मागा: पूर्वगणनपत्रकाची प्रत, निविदेची तारीख, वर्गीकरणाचा ठराव.

विकास आराखड्याचं काम वेगळं, पण शेजारीच आहे म्हणून थोडक्यात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना द्यायच्या असतात, आणि कलम ३७ खाली एखादं आरक्षण (आराखड्यात बाग, शाळा अशा कामासाठी राखलेली जागा) बदलायचं असलं तरी जाहीर सूचना निघते. मुदत साधारण महिन्याची, सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरात. हरकतीत सर्व्हे क्रमांक, नकाशाच्या शीटचा क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक आणि नेमका बदल काय हवा ते लिहा. छापील एकच मजकूर शंभर जणांनी दिला तर सुनावणी एकत्र उरकली जाऊ शकते, म्हणून प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावं. सुनावणीला स्वतः जावं. ‘बागेचं आरक्षण आहे, कधीतरी बाग होईलच’ यावरही विसंबू नका. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो, आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. इथेही बघायचं तेच, जागा ताब्यात आली का.

काम सुरू झालं की कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या लेखी आदेशाची) प्रत, ठेकेदाराचं नाव, मुदत मागा. फलक लावायला सांगा. माप तुम्हीही घ्या, अभियंता झालेल्या कामाची मापं लिहितो त्या मोजमाप पुस्तिकेशी ताडा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने ओतलेलं काँक्रीट पाणी न मारता सोडलं जातं, तेवढं बघा. दोषदायित्व कालावधी कार्यादेशात किंवा निविदेत लिहिलेला असतो. त्या मुदतीत ब्लॉक खचले तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. तक्रार लेखी द्या, कार्यादेशाचा क्रमांक टाकून, आणि पोच घ्या.