छत्तीस महिने: फौजेतून कम्युनिटी कॉलेजात जाताना

अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याचं, व्हेटरन्स अफेअर्सचं (सगळे व्हीए म्हणतात), शिक्षणाच्या लाभाच्या पात्रतेचं पत्र आलं, तेव्हा मी आधी टक्केवारी बघितली. 100 टक्के. खाली एका ओळीत ‘36 महिने, 0 दिवस’ असं छापलं होतं. त्या ओळीवरून माझी नजर नुसती घसरून गेली. आज ग्रीन कार्डावर किंवा इथला नागरिक म्हणून अमेरिकन लष्करात गेलेली मराठी मुलं फोन करून विचारतात, तेव्हा मी त्यांना सगळ्यात आधी ती ओळच वाचायला सांगतो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, पेन्शनीवर गावी आले आणि शेवटपर्यंत त्या पेन्शनीवर त्यांचं घर चाललं. अमेरिकेत पेन्शनीला साधारण वीस वर्षं नोकरी लागते. मी अमेरिकन लष्करात चार वर्षं गाड्यांचा मेकॅनिक म्हणून काढली आणि बाहेर पडलो. चार वर्षांच्या बदल्यात मिळाली ती मुख्यतः शिक्षणाची सोय. 1944 साली रूझवेल्ट यांनी सही केलेल्या कायद्यापासून तिला जीआय बिल म्हणतात. 11 सप्टेंबर 2001 पासून पुढे नोकरी केलेल्यांसाठी त्याची नवी आवृत्ती आहे, आणि सक्रिय सेवेचे 36 महिने भरले की तिचा पूर्ण, म्हणजे 100 टक्के लाभ मिळतो.

न्यू जर्सीत मामांकडे राहिलो आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्वस्त स्थानिक कॉलेज, जिथे सुरुवातीची वर्षं करून पुढे विद्यापीठात जाता येतं) नाव घालायचं ठरवलं. मामा म्हणाले, “पैसे मिळतायत तर पहिल्या दिवसापासून घे की, थांबायचं कशाला?” मलाही तेच वाटत होतं. पण कॉलेजात माजी सैनिकांचे कागद बघणाऱ्या बाईंनी (या पदाला स्कूल सर्टिफाइंग ऑफिशियल म्हणतात, सगळे एससीओ म्हणतात) मला बसवून हिशोब समजावला.

जीआय बिल महिन्यांत मोजलं जातं. तुम्ही स्वस्त कम्युनिटी कॉलेजात पूर्णवेळ शिका किंवा महागड्या विद्यापीठात, चार महिन्यांच्या सत्राला चार महिनेच कापले जातात. माझ्या पत्रातले 36 महिने म्हणजे नऊ-नऊ महिन्यांची चार शैक्षणिक वर्षं. मला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं होतं आणि गणिताच्या प्रवेश चाचणीत मी खालच्या पायरीवर उतरलो होतो. कॅल्क्युलसपर्यंत पोचायलाच एक वर्ष जाणार होतं, म्हणजे एकूण पाच. चार वर्षांच्या शिध्यात पाच वर्षांची वाटचाल बसवायची होती.

त्यावर बाईंनी पेल ग्रँटचा रस्ता दाखवला. फाफ्सा नावाचा सरकारी अर्ज भरला की उत्पन्न बघून ही मदत मिळते. 2025-26 सालासाठी तिची कमाल मर्यादा 7,395 डॉलर ठरली होती. माजी सैनिकाला या अर्जात स्वतंत्र विद्यार्थी धरतात, आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. माझी पहिल्या वर्षाची फी पेलमध्येच भागली. मामांकडे भाडं नव्हतं, संध्याकाळी एका गॅरेजात काम करत होतो. जीआय बिलाला त्या वर्षी हातच लावला नाही. 1 जानेवारी 2013 किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांना हा लाभ वापरायला मुदतीची अट राहिलेली नाही, त्यामुळे ठेवून दिलं तरी ते वाया जात नव्हतं.

पण हा सल्ला सरसकट घेऊ नका. तुमच्या डोक्यावर भाडं असेल, मुलंबाळं असतील, तर जीआय बिल पहिल्या दिवसापासून घेणंच बरोबर ठरू शकतं, कारण त्यात फीबरोबर घरभाडं भत्ता मिळतो. तो कॉलेजच्या झिप कोडवरून (आपल्याकडच्या पिन कोडसारखा) ठरतो आणि न्यू जर्सीत चांगला मिळतो. शिवाय पुस्तकांसाठी वर्षाला 1,000 डॉलरपर्यंत येतात. भाड्यासाठी कर्ज काढून महिने वाचवण्यात काहीच शहाणपण नाही.

भत्त्याचा एक नियम मला ठेच लागल्यावर कळला. प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात; सत्रात 12 क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. भत्ता मिळायला निम्म्यापेक्षा जास्त क्रेडिट हवेत: सातला मिळतो, सहाला काहीच नाही. दुसऱ्या वर्षी एका सत्रात मी नऊ क्रेडिट घेतले होते. फिजिक्स झेपेना, म्हणून सहाव्या आठवड्यात तीन क्रेडिटचा तो विषय सोडला. कोणालाही विचारलं नाही. उरले सहा. भत्ता बंद व्हायला हवा होता, पण कागद सरकेपर्यंत पैसे येत राहिले आणि मग ‘जादा गेलेली रक्कम परत करा’ असं पत्र आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिल्यांदा विषय सोडताना सहा क्रेडिटपर्यंत कारण न मागता सूट मिळते, म्हणून सोडल्याच्या तारखेपर्यंतचं तरी वाचलं. बाकीचे हप्त्यांनी फेडले. विषय सोडायच्या आधी एससीओच्या दारात पाच मिनिटं उभे राहा, एवढं कळकळीनं सांगतो.

ऑनलाइनचंही तसंच. सगळेच वर्ग ऑनलाइन घेतले तर भत्ता देशाच्या सरासरीच्या निम्म्यावर येतो. एक जरी वर्ग कॉलेजात बसून घेतला, तरी तिथल्या झिप कोडचा दर लागतो. पायाभूत गणितासारखे, कच्चं राहिलेलं पक्कं करायचे विषय ऑनलाइन घेतले तर व्हीए त्यांचे पैसेच देत नाही. आणि तुमच्या पदवीला न लागणारा विषय, मग तो कितीही आवडीचा असो, व्हीएच्या खर्चानं होत नाही.

पैसे महिना संपल्यावर हातात पडतात आणि दोन सत्रांमधल्या सुट्टीचे मिळत नाहीत. सुरुवातीला दोन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवा. दर महिन्याला ‘अजून शिकताय का?’ असा संदेश येतो, त्याला लगेच उत्तर द्या. सलग दोन महिने राहून गेलं तर भत्ता थांबतो.

लष्करी प्रशिक्षणाचे क्रेडिट जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्टवर असतात, ते आठवणीनं मागवा. माझ्या मेकॅनिकच्या प्रशिक्षणाचे थोडे इंजिनिअरिंगला लागू पडले, बरेच पडले नाहीत. वाईट वाटलं. पुढे विद्यापीठात कोणता विषय धरला जाईल, हे न्यू जर्सी ट्रान्सफर या संकेतस्थळावर एकेक विषय घालून बघता येतं. मी दर सत्राला नाव घालण्याआधी ते बघत होतो, म्हणून रटगर्स विद्यापीठात गेल्यावर कॅल्क्युलसचा एकही विषय पुन्हा करावा लागला नाही.

आता माझं शेवटचं सत्र चालू आहे. मधे उन्हाळी सत्रंही घेतल्यामुळे ते सुरू झालं तेव्हा खात्यात 22 दिवस शिल्लक होते. माझ्या पोटात गोळा आला. पण सत्राच्या मध्येच महिने संपले, तर ते सत्र पूर्ण होईपर्यंत व्हीए लाभ चालू ठेवते. 22 दिवस केव्हाच संपले. वर्ग चालू आहेत, भत्ता येतो आहे, आणि मामींनी पदवीदान समारंभासाठी गावाहून आईला बोलावून घेतलं आहे.